अक्काच्या थोरल्याची गाडी पास झाली म्हणं

“बाई, आयकलात का? थोरल्याची गाडी पास झाली!”

थोरला एसएसएलसी पास झाला तेव्हाही अक्कांचा आवाज एवढा चढला नव्हता. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर परात, परातीत पुंडीची भाजी, आणि निवडता निवडता बातम्या. मी पाणी भरत होते. घागर तशीच ठेवली आणि भिंतीपाशी गेले. नळ उद्याही येतो, अक्कांची बातमी उद्या शिळी होते.

“नापास कधी झाली होती?” मी साळसूदपणे विचारलं. खरं तर सगळ्या गल्लीत दुसरी चर्चाच नव्हती.

“आता बघा की. विमा भराया गेला, तर एजंट म्हणतोय आधी इमिशन दाखवा. ह्याचं कधी संपलं ते ह्यालाच माहीत नाही. मंग गेलाव बीदरला. मीबी होते संगं, मला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं. पंपापाशी ती मशीनची टपरी हाय ना, तिथं. त्या पोरानं सायलेन्सरात नळी घातली, कॉम्प्युटरवर आकडे नाचायले, आन् पोरगं म्हणतंय, अंकल, गाडी फेल.”

“अंकल म्हणालं?”

“गाडी फेल झाल्यापरीस त्याचंच जास्त लागलं थोरल्याला.”

एजंटाचं एक सांगून टाकते, कारण हा घोळ पुष्कळांच्या डोक्यात आहे. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं होतं की पीयूसी, म्हणजे हेच इमिशनचं सर्टिफिकेट, असल्याशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका. त्यानं झालं उलटंच. लोक पीयूसीही काढेनात आणि विमाही भरेनात. शेवटी जुलै 2024 मध्ये कोर्टानं ती अट काढून टाकली. म्हणजे विमा अडत नाही. पण कागद नसताना पकडलं तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद आहे आणि लायसनही तीन महिने जाऊ शकतं. अक्कांना मी एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग एजंट बरंच बोलला की.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

चष्म्याच्या डबीतून त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी काढली. पहिल्या वेळची, नापासाची. जपून ठेवली होती. कार्बन मोनॉक्साइड 0.9 टक्के, हायड्रोकार्बन 540. गाडी 2018 ची पेट्रोलवरची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-4 मानकाची. तिला कार्बन मोनॉक्साइड 0.3 च्या आत आणि हायड्रोकार्बन 200 च्या आत पाहिजे.

“तेच मी म्हणते,” अक्का म्हणाल्या. “तुमच्याकडली गाडी तर आमच्यापरीस म्हातारी. ती कशी पास होती दर खेपेला? जुनी पास आन् नवी फेल, ह्यो कुठला न्याय?”

आमची गाडी 2012 ची, बीएस-3. तिला हायड्रोकार्बन 750 पर्यंत चालतं, कार्बन मोनॉक्साइड 0.5 पर्यंत. तिच्याकडून अपेक्षाच कमी. त्याबदल्यात तिचा कागद सहाच महिने चालतो, अक्कांच्या गाडीचा वर्षभर. हे ऐकून अक्कांचं थोडं समाधान झालं. आमच्या गाडीला सहा महिन्यांनी खेटे घालावे लागतात याचं असावं.

“आन् ते उसाचे ट्रॅक्टर? अख्ख्या रोडवर काळा धूर सोडत जायलेत. त्यांच्या नळीत कोण नळी घालतंय?”

डिझेलची परीक्षा वेगळी असते, त्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात, असं मी म्हटलं. पण अक्कांचा प्रश्न परीक्षा कशी घेतात हा नव्हता. कोणाची घेतात हा होता, आणि तो रास्त आहे.

आता खरी गंमत. गाडीच्या काट्यांपाशी इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो. थोरल्याच्या गाडीत तो कितीतरी महिने पेटलेला होता. हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण थोरल्यानं त्याच्यावर मैलार मल्लण्णाचा स्टिकर चिकटवला होता. खानापूरच्या जत्रेतून आणलेला, बेताचा, बरोबर त्या दिव्याच्या मापाचा. अक्का रोज गाडीत बसताना त्याला हात जोडायच्या.

“मला वाटायचं, देवाच्या मागनं उजेड येतोय,” अक्का म्हणाल्या, आणि आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो.

गाडी फेल झाली की आपल्याकडं पहिला विचार दुरुस्तीचा येत नाही, राज्याच्या हद्दीचा येतो. त्याला इतिहास आहे. 1956 ला जुन्या हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडं, जहिराबाद, नारायणखेड दुसरीकडं, आणि आपण राहिलो इथं. तेव्हापासून प्रत्येक घराची सोयरीक तीन राज्यांत. अक्कांची नणंद जहिराबादला, थोरल्याची सासुरवाडी उदगीरला. इथं न जमलेलं काम तिथं जमेल, ही आशा पिढ्यान्‌पिढ्यांची. थोरलाही म्हणाला, उदगीरला नेतो, तिकडं पीयूसीवाला मेव्हण्याच्या ओळखीचा आहे.

“मी म्हणलं, जा. पोरं बघून येतील मामाला.”

पण भाच्यानं अडवलं. अक्कांचा भाचा नौबादला गॅरेजवर आहे, हुशार पोरगा. तो म्हणाला, “दादा, नियम राज्याचा नाही, केंद्राचा हाय.” खरं आहे. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम, त्यातला 115 वा. आपल्याकडं इमिशन म्हणा नाहीतर उदगीरला पीयूसी म्हणा, मर्यादा तीच. 2021 पासून सगळ्या देशात सर्टिफिकेटचा नमुनाही एकच झालाय, क्यूआर कोडसकट. इथला कागद तिथं चालतो आणि तिथला इथं. मग हद्द ओलांडून मिळणार काय? ओळखीनं मशीनचे आकडे कमी होत नाहीत. होत असतील तर तो कागद नव्हे, लबाडी.

लबाडीचेही सल्ले आलेच होते. एका पाहुण्यानं सांगितलं, नंबर प्लेटचा फोटो पाठव, सर्टिफिकेट मोबाइलवर येतं. गाडी इथं अंगणात आणि तिचा धूर तपासला कुठं तरी तिसरीकडं! दुसऱ्यानं सांगितलं, टाकीत रंगाचा थिनर ओत, धूर साफ होतो.

“थिनर तर आणलाबी होता. भाचा म्हणला, दादा, रबरी पाइप खाईल त्यो. मंग त्या थिनरात आमच्या धाकटीनं गेट रंगवलं. बघा, कसं चकचकीत दिसायलं.”

गेट खरंच चांगलं दिसत होतं.

भाच्यानं गाडीला स्कॅनर लावला. दोन गोष्टी निघाल्या. एक, दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल धड पेटत नव्हतं. दोन, पी 0420 हा कोड. मेकॅनिक लोकांना तो तोंडपाठ असतो. त्याचा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. त्याच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. दोघांची खबर सारखी यायला लागली की गाडीचा कॉम्प्युटर समजतो, मधला डबा नावापुरता उरलाय, आणि दिवा पेटवतो.

“डबा म्हणजे काय असतंय, ते भाच्यानं मला जुना कापलेला दाखवला,” अक्का म्हणाल्या. त्या गॅरेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या आणि अशा ठिकाणी त्या कधीच नुसत्या बसत नाहीत. “वरनं पत्रा. आत मधाच्या पोळ्यावाणी चिनी मातीची जाळी. एवढी बारीक बारीक भोकं. हातात घेतलं तर भुगा व्हायला. आन् म्हणं, त्या मातीवर प्लॅटिनम लावलेलं असतंय! आपल्याला मंगळसूत्रात गुंजभर सोनं वाढवायचं म्हणलं तर दहादा इचार, आन् हे सायलेन्सरात प्लॅटिनम घालून धुरात हिंडायलेत.”

प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम. जाळीवर यांचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथं पुरतं जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होतं. नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन होतो. धातू झिजत नाही, खर्च होत नाही, नुसता घडवून आणतो. मात्र जाळी तीनशेएक अंश तापल्याशिवाय यातलं काही धड होत नाही.

“म्हणून तर चोरतात,” मी म्हटलं, आणि आता बातमी देण्याची पाळी माझी होती. 2021 च्या आगेमागे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या पेपरांत सारखं यायचं, ईको गाडीचे सायलेन्सर चोरणारी टोळी पकडली. रात्री गाडीखाली शिरायचं, सायलेन्सर खोलून न्यायचा, आतली माती काढून घ्यायची. पोलिसांच्या बातम्यांत तिला मातीच म्हणायचे, प्लॅटिनमयुक्त माती, आणि ती किलोवर विकली जायची. त्याच वर्षी रोडियमचा भाव जगाच्या बाजारात सोन्याच्या दसपटीवर गेला होता. सकाळी मालक गाडी सुरू करायचा तर ट्रॅक्टरसारखा आवाज. तेव्हा कळायचं की रात्री काय झालं.

अक्कांनी हातातली काडी परातीत टाकली. “आन् आमचा शेडमधला टेम्पो?”

“डिझेलचा जुना आहे तो. त्याला कोण हात लावतंय!”

“बरं झालं,” म्हणून त्यांनी परत भाजी हातात घेतली.

हा डबा आपल्याकडं आला 1995 ला. त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाडीला तो सक्तीचा झाला, आणि त्यासाठी तिथं बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. शिशाचा लेप जाळीवर बसला की डबा कायमचा कामातून जातो. देशभर बिनशिशाचं पेट्रोल व्हायला 1 फेब्रुवारी 2000 उजाडलं. आता शिसं गेलं. डबा मारायला घरच्या दोन गोष्टी पुरतात: न जळलेलं पेट्रोल आणि इंजिनानं खाल्लेलं ऑइल.

थोरल्याच्या गाडीत पहिलीनं घात केला. प्लग निकामी झालेला, त्यावरची कॉइलही अधूनमधून दगा देणारी. गाडी चढाला आचके द्यायची. पेट्रोल इंजिनात न पेटता तसंच पुढं डब्यात जायचं आणि तिथं तापलेल्या जाळीवर जळायचं. जाळी त्यानं इतकी तापते की वितळून भोकं बुजतात. भाचा म्हणाला ते अक्कांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: “डब्यानं गाडी नाही बिघडवली, मामी. गाडीनं डबा मारला.”

माझं मत विचाराल तर, इथंच बहुतेक लोक चुकतात. कोड कन्व्हर्टरचा आला म्हणून थेट कन्व्हर्टर बदलतात. कंपनीचा घ्यायचा तर पाच आकडी रक्कम. बाजारात स्वस्तातले मिळतात, पण त्यातल्या कितीकांत त्या महागड्या धातूचा थर नुसता नावाला. आणि प्लग तसाच ठेवला तर नवाही डबा त्याच वाटेनं जाणार. याहून वाईट सल्ला थोरल्याला एका वेल्डिंगवाल्यानं दिला होता: डबा काप, आतली जाळी फोडून काढ, मोकळा पाइप जोड, पिकअप वाढतो. वरनं तो भुगा मी विकत घेतो, असंही म्हणाला. म्हणजे त्याचं लक्ष कुठं होतं ते उघड आहे. तसली गाडी बीएस-4 च्या आकड्यांत बसणं मुश्किल, आणि बेकायदा तर आहेच.

दरम्यान न्यू जर्सीतल्या पुतण्याशी थोरल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं होतं. तिकडं म्हणे सायलेन्सरात नळीच घालत नाहीत. 1996 पासूनच्या गाडीच्या स्टिअरिंगखाली वायर जोडतात आणि गाडीच्याच कॉम्प्युटरला विचारतात. तो दिवा पेटलेला असेल तर सरळ नापास, धूर कसाही असो. कोणी हुशारी करून आदल्या दिवशी कोड पुसून आला तर तेही पकडतात, कारण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या व्हायला काही दिवस चालवावी लागते, आणि त्या अपुऱ्या दिसल्या की परत पाठवतात.

“आपल्याकडं दिवा बघत नाहीत, हे किती बरं,” अक्का म्हणाल्या.

मला ते तितकंसं बरं वाटत नाही. आपली परीक्षा गाडी उभी असताना, इंजिन नुसतं चालू ठेवून होते. नायट्रोजनचे ऑक्साइड तर पेट्रोल गाडीचे मोजतच नाहीत. अर्धा मेलेला डबा त्यातून सुटू शकतो. आणि थोरल्याचा तसाच सुटला.

तर दुरुस्ती. सगळे प्लग नवे, एक कॉइल नवी, एअर फिल्टर, इंजिन ऑइल. मॅनिफोल्डच्या जोडाशी गॅस्केट फाटून हवा आत यायची, तीही बदलली. बाहेरची हवा शिरली की सेन्सर फसतो आणि लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा बिघडतो. कोड पुसले. आचके थांबले, सिलिंडरचा कोड परत आला नाही. डब्याचा मात्र काही दिवसांनी आला, पिवळा दिवा मल्लण्णाच्या मागं पुन्हा पेटला. भाचा म्हणाला, असू दे, डबा अर्धा जिवंत आहे, आधी टेस्ट करून घे.

पण कशी करायची तेही सांगितलं. घरून निघून थेट टपरीवर जायचं नाही. जनवाड्याहून औराद रोडला संतपूरपर्यंत जायचं, गाडी एका वेगानं चांगली पळवायची, आणि न थांबता बीदर गाठायचं. रांग असली तरी इंजिन बंद करायचं नाही, डबा थंड पडतो. नंबर आला की दोन-तीन मिनिटं अडीच हजारावर रेस धरायची. एसी बंद, हेडलाइट बंद.

“थोरला मला म्हणला, अक्का, तू कशाला येतीस. म्हणलं, फेल झाली तवा मी होते, पास होताना नको व्हय?”

मग ती टपरी. पोरगं तेच. त्यानं आधी कॅमेऱ्यात नंबर प्लेट धरली, फोटो नीट येईना म्हणून अक्कांनी पदरानं प्लेटवरची धूळ पुसली. मग नळी आत, हातभर. पडद्यावर हायड्रोकार्बन 310 पासून सुरू झालं. थोरल्याला घाम. पोरगं म्हणालं, थांबा, बसू द्या. 260. 215. तिथं जरा अडलं. अक्का मल्लण्णाचं नाव घेत होत्या. मग 180, आणि 160 च्या आसपास येऊन टिकलं. कार्बन मोनॉक्साइड 0.1. पुढं रेस देऊन मोजतात, अडीच हजाराच्या आसपास. तिथं कार्बन मोनॉक्साइड 0.2 च्या आत आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 मध्ये पाहिजे. तेही बसलं. प्रिंटर कुरकुरला.

“आन् पोरगं काय म्हणलं माहीत हाय? भैया, पास.”

“भैया?”

“व्हय. थोरल्यानं त्याला चहा पाजला.”

मी चिठ्ठी परत दिली. अक्कांनी दोन्ही चिठ्ठ्या, पासाची आणि नापासाची, एकत्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवल्या. परातीतली भाजी निवडून झाली होती.

“मग डबा कधी बदलणार?”

“भाचा म्हणतोय, वर्षाच्या आत बदला, पुढल्या खेपेला नाही सुटायची. थोरला म्हणतोय, उसाचं बिल आलं की.”

बिल अजून आलेलं नाही. तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा पेटला असेल, तर डब्याच्या खर्चाला घाबरून बसण्याआधी प्लग तेवढे बघून घ्या. ते काम काही शेकड्यांत होतं.